शेट्यांचा नियम

जयपालच्या मारधाडपटांच्या चाहत्यांचा सांगलीत एक संघ होता. अध्यक्ष शेटे भारी कडक. दर खेळाआधी दरडावायचे, "नवख्यांसमोर पुढचं रहस्य फोडेल, त्याला बाहेर काढीन!"

त्या दिवशी पहिल्या भागात जयपाल तुटक्या पुलाला लटकलेला असताना शेट्यांनी सिनेमा थांबवला आणि प्रथमच आलेल्या कुंदाताईंवर बोट रोखलं.

"खऱ्या चाहत्या असाल तर सांगा, जयपालचा गुरू शेवटी त्याच्यावर का उलटतो? नाहीतर चालत्या व्हा!"

कुंदाताई पर्स उचलून उठल्या, दारापर्यंत गेल्या, दार सताड उघडलं आणि तिथेच थांबल्या.

"या, शेटेसाहेब. गुरू उलटतो, हे मला आत्ता तुमच्याकडूनच कळलं. दार धरलंय मी."