डोंगरापलीकडचा धूर

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गाढवं बोलत असत. आता ती बोलत नाहीत, कारण त्यांचं ऐकून घ्यायला कुणाला सवड नाही. तर मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, नीट बसा. मध्येच उठलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही.

चारी बाजूंनी डोंगर असलेलं एक खोरं होतं. खोऱ्यात एक गाव, गावाभोवती आंब्याच्या राया, आणि गावाच्या दोन टोकांना कौलांच्या दोन भट्ट्या. वरची भट्टी रखमाजीची, खालची तानाईची. राज्यातली बहुतेक घरं या दोघांच्या कौलांनी शाकारलेली असत. भट्ट्या पेटल्या की धूर उठे, डोंगराला अडे आणि खोऱ्यातच बसून राही. लोक खोकत आणि कामाला लागत.

त्या गावची एक रीत होती. गावदेवीच्या देवळाचं छप्पर दर अक्षय तृतीयेला नव्याने चाळत, आणि पहिलं कौल चढवायचा मान रखमाजीच्या घराण्याचा असे. ते कौल आपल्याच भट्टीतलं लागे, आणि हाताला ऊब लागेल असं ताजं लागे. थंड कौल देवीला चालत नसे. रखमाजी वर्षभर या एका दिवसाच्या जिवावर जगे. तो शिडीवर चढला की सारं गाव त्याच्याकडे बघे आणि त्याला धन्य वाटे. यात वाईट काही नाही. तुम्हाआम्हालाही वाटलं असतं.

वाईट होतं ते वेगळंच. तानाई नवऱ्यामागे एकटीने भट्टी चालवत होती आणि तिची कौलं चांगली भाजलेली असत. बोटाने वाजवली की खणखणीत वाजत. गिऱ्हाइकं ती नेमकी रखमाजीच्या देखत वाजवून बघत. त्या दिवशी रखमाजीला जेवण जात नसे.

त्याची बायको म्हणे, "अहो, आपली कौलं काय वाईट आहेत? खाऊन घ्या."

"तुला नाही कळायचं," तो म्हणे, आणि ताट सरकवून देई. तिला कळत होतं. सगळ्या गावाला कळत होतं.

एका फाल्गुनात राणी त्या खोऱ्यात आली. बघते तर आंब्याचा मोहोर काजळी धरून काळा पडलेला, आणि देवळात जमलेली माणसं खोकत असलेली. तिने दोन्ही भट्टीवाल्यांना बोलावलं.

"भट्ट्या मी बंद करणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला भाकरी हवी, लोकांना छप्पर हवं. पण धूर कमी करा. दर पौर्णिमेला आपल्या धुराड्यावर पांढरं फडकं बांधायचं, आणि दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या दोरीवर टांगायचं. काय ते सगळ्यांना दिसू दे. पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला ज्याचं फडकं जास्त पांढरं, पहिलं कौल त्याचं."

रखमाजीच्या पायाखालची जमीन सरकली. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आता एका फडक्यावर येऊन ठेपला होता.

राणीने आधी तानाईला विचारलं, "किती कमी करशील? आणि कसा?"

तानाई म्हणाली, "निम्मा तरी करीन म्हणते. कसा, ते सगळं आज नाही सांगता येणार. आधी लाकूड वाळवून बघते. मग भट्टीच्या भिंतीकडे बघते. जमलं तर सांगेन, नाही जमलं तर तेही सांगेन."

राणीने मान डोलावली. झालं एवढंच. पण डोललेली ती मान रखमाजीने बघितली आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्याला अजून कुणी काही विचारलंही नव्हतं, तोवर तो मोठ्याने बोलून गेला, "माझ्या भट्टीतून पुढच्या वर्षीच्या अक्षय तृतीयेला धुराची रेघसुद्धा निघणार नाही."

"कसं करणार?" राणीने विचारलं.

"ते माझं मी बघतो, राणीसाहेब."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बोलण्याला टाळ्या पटकन पडतात, ही खोड तेव्हाही होती. टाळ्यांच्या आवाजात 'कसं' हा प्रश्न राहून गेला तो राहूनच गेला.

तानाई कामाला लागली. तिने लाकडासाठी छपरी घातली आणि वाळल्याशिवाय एक ढलपी भट्टीत घालायची नाही असं ठरवलं. अर्धवट भरलेली भट्टी पेटवणं सोडलं. कौलं पुरती भरेपर्यंत ती थांबायची. भिंतींच्या फटी लिंपल्या. भट्टीतून वाया जाणारी गरम हवा कच्च्या कौलांवर सोडून बघितली. त्यात एकदा कौलांची अख्खी थप्पी तडकली, एकदा अर्धी कौलं कच्चीच राहिली. एका पौर्णिमेला तर तिचं फडकं आधीच्या महिन्याहून काळं निघालं. तिने ते तसंच दोरीवर टांगलं आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "लाकूड ओलं आलं होतं. मी बघून घ्यायला हवं होतं. पुढच्या खेपेला बघेन."

लोक म्हणाले, "बाई खरी आहे."

आता सांगा, हे ऐकून रखमाजीचं काय झालं असेल? चांगलं केलं म्हणून कौतुक झालं तर माणूस कसंबसं गिळतो. पण चुकली तरी कौतुक? तो घरी येऊन बायकोला म्हणाला, "मी चुकलो असतो तर हेच लोक हसले असते."

"तुम्ही चुकला असता तर तुम्ही ते फडकं धुऊन टांगलं असतं," बायको म्हणाली.

आदल्याच महिन्यात त्याने तेच केलं होतं आणि डाग निघाले नव्हते.

त्याने केलं तरी काय, ते ऐका. धुराडं चुन्याने रंगवलं. गावजेवण घालून तीच शपथ पुन्हा सांगितली. तानाईच्या कुंपणापाशी उगाच घोटाळून ती काय करते ते बघितलं, आणि तिचं बघून केलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यातलं काहीच केलं नाही. फडकं काळं ते काळंच. पावसाळा सरला, भट्ट्या पुन्हा पेटल्या, आणि रखमाजीला घाम फुटला.

तेव्हा त्याला मेहुण्याची आठवण झाली. बायकोचा भाऊ खिंडीपलीकडच्या गावात राहायचा. त्याच्याकडे एक जुनी, फुटक्या भिंतींची भट्टी पडून होती. रखमाजीने ती पेटवायला लावली. आपली जाळ घालणारी माणसं तिकडे पाठवली. इकडे कच्ची कौलं थापायची, गाढवांवर लादून अंधार असतानाच खिंडीपलीकडे न्यायची, तिकडे भाजायची आणि परत आणून आपल्या अंगणात रचायची. त्याची स्वतःची भट्टी थंड पडली.

खिंड चढताना त्याचं म्हातारं गाढव थांबलं.

"मालक, एक विचारू?"

"चालता चालता विचार."

"आपल्याकडचा धूर गेला कुठे?"

"पलीकडे."

"पलीकडे कोण राहतं?"

"मेहुणा, सासू, त्यांचं गाव."

"म्हणजे माणसंच की," गाढव म्हणालं.

"पाय उचल," रखमाजी म्हणाला.

गाढवाने पाय उचलला. त्याला काय, तो त्याचा धंदा होता.

पुढच्या पौर्णिमेला रखमाजीचं फडकं बगळ्यासारखं पांढरं निघालं. लोक तोंडात बोटं घालून बघत राहिले. तानाईनेही बघितलं आणि मोकळ्या मनाने म्हणाली, "दादा, मला शिकवा ना हे."

"घरचं गुपित आहे," रखमाजी म्हणाला.

त्याने आता सुखी व्हायला हवं होतं. पण मत्सराचं पोट असं भरत नाही. लोक त्याचं फडकं बघून नवल करत आणि मग तानाईच्या भट्टीकडे जात. कुंभार, लोहार, गूळ करणारे, सगळे तिच्या भिंती बघायला, लाकडाची छपरी बघायला जात. ती सांगायची आणि ते घरी जाऊन तसं करायचे. रखमाजीकडे कुणी शिकायला येईना. आलं असतं तरी तो काय शिकवणार होता? जिंकत असूनही हरल्यासारखं वाटत होतं त्याला, आणि याचाही राग त्याने तानाईवरच काढला.

माघात बायको माहेरी जाऊन आली. आल्यावर ती चुलीपाशी गेली नाही, पाणी प्यायली नाही. उंबऱ्यातच बसली.

"आईला धाप लागते," ती म्हणाली. "अंगणात बाज टाकून बसायची ती. आता दार लावून आत निजते. ती भट्टी फुटकी आहे, लाकूड ओलं आहे, इथे निघायचा त्याच्या दुप्पट धूर तिथे निघतो. आंब्याला मोहोर धरला नाही. भाऊ तुमच्यापुढे बोलत नाही, म्हणून मी बोलते. बंद करा ते."

रखमाजी कळवळला. तो काही राक्षस नव्हता. सासूने त्याला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. पण तो म्हणाला, "अक्षय तृतीया होऊ दे. मग लगेच बंद करतो."

"आईला तोवर दम निघायला हवा ना."

"तो मान तानाईला गेलेला तुला बघवेल?"

"मला बघवेल," ती म्हणाली. "तुम्हाला नाही बघवणार."

गाढवं दुसऱ्या दिवशीही खिंड चढली.

अक्षय तृतीया आली. राणी आली. दोरीवर दोन फडकी होती. तानाईचं फिकट राखाडी, धूर निम्म्याहून कमी झाल्याचं सांगणारं. रखमाजीचं पांढरं शुभ्र. वाद घालायला जागाच नव्हती.

"पहिलं कौल रखमाजीचं," राणी म्हणाली. "घेऊन या."

आता इथे रखमाजीची गंमत बघा. खिंडीपलीकडून आणलेलं कौल वाटेतच थंड होतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने पहाटे आपली भट्टी गुपचूप भरून पेटवली होती. एकदाच तर पेटवायची, कुणाला कळतंय, असा त्याचा हिशोब. पण महिनोन्‌महिने थंड पडलेली भट्टी ओल धरून बसली होती. भिंतीला भेगा गेल्या होत्या. जाळ घालणारी जाणती माणसं पलीकडच्या गावात होती. बापजाद्यांच्या भट्टीचा जाळ कसा राखायचा, ते रखमाजी स्वतः त्या वर्षात विसरून गेला होता.

तो भट्टीकडे धावला, बघतो तर कौलं अजून कच्चीच, आणि आग वाढावी म्हणून हाताला येईल ते आत कोंबत सुटला. भट्टी घुसमटली. मग तिच्या प्रत्येक भेगेतून असा काळाकुट्ट धूर सुटला, की देवळापुढे उभ्या माणसांना शेजारचा माणूस दिसेना. राणीचे डोळे पाण्याने भरले. भट्टीची एक भिंत खाली बसली आणि आतली कौलं काळी, वेडीवाकडी, चुरा होऊन बाहेर आली.

धूर ओसरायला वेळ लागला. राणी भट्टीपाशी आली. रखमाजी हात काळे करून उभा होता.

"ही भट्टी कित्येक महिन्यांत पेटलेली नाही," ती म्हणाली. "मग तुझी कौलं कुठे भाजली जात होती?"

उत्तर त्याच्या बायकोने दिलं.

"माझ्या माहेरी," ती म्हणाली.

राणीने आरडाओरडा केला नाही. तिने तानाईला विचारलं, भट्टीत गरम कौल आहे का. होतं. तानाईने ते पदरात धरून आणलं, शिडी चढली आणि पहिलं कौल ठेवून खाली उतरली. पलीकडची भट्टी त्याच दिवशी विझवायचा हुकूम सुटला. रखमाजीची बायको हुकूम घेऊन जाणाऱ्यांबरोबरच माहेरी गेली.

रखमाजी तानाईच्या दारात गेला, पण लगेच नाही. मत्सर असा एका दिवसात उतरत नाही. तो बरेच दिवस पडक्या भट्टीपाशी बसून राहिला. मग एका सकाळी गेला आणि म्हणाला, "मला शिकव."

तानाई म्हणाली, "या दादा. आधी ही लाकडं फोडून वाळत घाला."

त्याने लाकडं फोडली. भिंती लिंपायला शिकला, भट्टी भरेपर्यंत थांबायला शिकला. आपली भट्टी त्याने नव्याने बांधली. पहिलं फडकं काळं निघालं, ते त्याने तसंच टांगलं. पुढचं जरा बरं निघालं. त्याच्या पुढचं आणखी बरं. एक दिवस खरोखरीचं फिकट फडकं हातात घेऊन तो खिंड चढून सासुरवाडीला गेला. बायको दारात होती. अंगणातली बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

त्याने फडकं पुढे केलं. तिने ते हातात घेतलं, उलटून पालटून बघितलं आणि घडी घालून त्याला परत दिलं.

"चांगलं झालंय," ती म्हणाली. "आई असती तर तिला दाखवलं असतं."

म्हणून, मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलेला धूर कमी झालेला नसतो, आणि दुसऱ्याला हरवण्यासाठी घेतलेलं चांगलं व्रत आपल्याच माणसांचा घास घेतं.