उघाडीवरचे दोन झटके

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे, गळ्याची शपथ. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे, त्या दुपारी मी पेणला दाढ दाखवायला गेलो होतो. पण पेणपासून खाडी लांब ती कितीशी?

"मेलेलं रबर जिवंत कसं करायचं, बाबा?"

हेरंब उकिडव्यांनी हे अकराव्यांदा विचारलं. अकरा रविवार ते पुण्याहून येत होते. घरात अंडं चालत नाही, आणि गाडीत आमिषाच्या रबरी माशांचे चार डबे, रंगवार लावलेले. खाडीतला जिताडा मासा मात्र एकही लागला नव्हता.

गोमाबाबा भरती अडवणाऱ्या खारबांधावर विडी ओढत होते. सारा जन्म खाडीत गेलेला माणूस.

"आज ओहोटी सरंपर्यंत बघ. नाय लागला तं घरी जा. परत येऊ नको."

"माझं चुकतंय काय, ते तरी सांगा."

"तुझं काय चुकत नाय. तीच भीती हाय."

उकिडवे मनातून सुखावले. खरंच, त्यांचं सगळं बिनचूक होतं. गळाचं टोक रबराच्या पोटात लपवायचं, म्हणजे ते तिवरांच्या मुळांत अडकत नाही. रबर तळाला बसू द्यायचं. मग दोन झटके. तीन आकडे थांबायचं. पुन्हा दोन झटके. व्हिडिओ बघून बघून पाठ केलेलं, पुण्यातल्या गळवाल्या मित्रांना शिकवलेलंसुद्धा.

त्यांनी उघाडीच्या तोंडाशी रॉडने गळ टाकला. बांधाच्या त्या लाकडी दारातून खाचराचं पाणी खाडीत उतरत होतं.

दोन झटके. एक, दोन, तीन.

दोन झटके...

उघाडीचं पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज बंद झाला होता. समोरचे बगळे कधी उठून गेले, कळलं नाही.

तंगूस, रॉडची ती नायलॉनची दोरी, हातात थरथरला. खालून दोन झटके आले.

मग काही नाही. एक, दोन, तीन.

पुन्हा दोन.

"लागला," उकिडवे कुजबुजले. "बाबा, लागला."

"जिताडा ओढतो," बाबा म्हणाले. "मोजत नाय."

"मग हे काय आहे?"

"अकरा रविवार कोनाला शिकवतोस, ते कदी इचारलंस का?"

उकिडव्यांच्या कानावर ते गेलंच नाही. आयुष्यातला पहिला मासा तंगुसाच्या टोकाला होता. त्यांनी दोन झटके दिले. खालून दोन आले.

मग खालून तीन आले.

उकिडव्यांचा हात हलला. त्यांनी हलवला नव्हता... तीन झटके.

खालून चार.

वर चार.

"उकिडवे."

"थांबा हो बाबा, येतोय तो. जवळ येतोय."

"कोन येतंय? पायाकडं बघ."

उकिडव्यांनी खाली पाहिलं. बांध मागे राहिला होता. ते कमरेइतक्या पाण्यात उभे होते, आणि मागच्या चिखलात उमटलेली पावलं त्यांचीच होती. सावकाश टाकलेली, सारख्या अंतरावर.

तंगूस खालून पुन्हा ताणला गेला. हळूच. चांगल्या मास्तरासारखा.

तेवढ्यात गोमाबाबांनी कमरेची सुरी काढली, पाण्यात उडी घेतली आणि तंगूस कापला.

...

आता कबूल करतो. दाढ खरी, उकिडवे खरे, पावलं मी दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन स्वतः पाहिली. खोटी आहे ती सुरी. कुणी उडी घेतली नाही, काही कापलं नाही. उकिडव्यांना तसंच कसं ठेवू, म्हणून ती माझ्या पदरची घातली.

गोमाबाबा बांधावरून हललेच नव्हते. ते नुसते बघत होते. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा उकिडव्यांनी आपली मूठ आपणच उघडली. एकेक बोट सोडवत, पहिल्या माशासाठी रडत. रॉड उघाडीकडे गेला. शांतपणे, कुणी हाताला धरून नेल्यासारखा.

उकिडवे चार पायांवर बांधावर चढले आणि पडून राहिले.

"गेला," ते म्हणाले. "बाबा, हातचा सुटला."

बाबांनी विडी विझवली.

"हितून सुटलेला तू पयलाच."