नूरखाँची जड रायफल

“आणि नळी? तिला किती कापणार?”

“चार बोटं, उस्ताद. फार नाही.”

“हं... आणि लाकडी दस्ता?”

“आतून कोरायचा. बाहेरून कळणारसुद्धा नाही. खालची लोखंडी पट्टी काढायची, तिथं चामडं बसवायचं.”

“आणखी?”

“पट्ट्याच्या कड्या चांगल्याच वजनदार आहेत. त्याही बदलायच्या.”

“चाप तरी ठेवणार आहेस ना रे?”

खंडेराव हसले नाहीत. म्हातारा थट्टेवर आला की त्यांचे कान तापायचे. पन्नाशी उलटली, मिशा पिकल्या, तरी त्यात काही फरक पडला नव्हता.

नूरखाँ एके काळी संस्थानच्या शिकारखान्याचे उस्ताद होते. संस्थान गेलं, शिकारखान्याला कुलूप लागलं, आणि हा माणूस सगळं सोडून घाटमाथ्यावरच्या पिराच्या दर्ग्याशेजारी येऊन राहिला. अंगण झाडायचं, दिवा लावायचा, वाटसरूला पाणी द्यायचं. लोक त्यांना फकीरबाबा म्हणू लागले. खंडेराव मात्र उस्तादच म्हणत. इनामदारांचा हा मुलगा बंदूक धरायला शिकला तो त्यांच्याच हाताखाली. त्यानं पहिला गवा पाडला त्या दिवशी उस्तादांनी स्वतःची रायफल त्याच्या हातात ठेवली होती.

रायफल कसली, जातंच म्हणा! उधळलेला गवा जागच्या जागी बसवील अशी ताकद, आणि उचलताना पाठीचा कणा बोलेल असं वजन.

आता ती दोघांच्या मध्ये घोंगडीवर आडवी पडली होती. शिकारखान्याची एक रीत होती. उस्तादाच्या हातून मिळालेल्या हत्याराला त्याला विचारल्याशिवाय कानस लावायची नाही. शिकारखाना मोडला तरी खंडेरावांनी रीत मोडली नव्हती. म्हणून तर सकाळपासून बसत-उठत घाट चढून ते इथं आले होते.

“हलकी केलीस की लाथ मारेल,” उस्ताद म्हणाले. “तुझा खांदा काही पंचविशीचा राहिला नाही.”

“मारू दे. लाथ एका क्षणाची असते, उस्ताद. ओझं दिवसभराचं.”

“हे मात्र बरं बोललास.”

खंडेरावांना वाटलं, झालं काम.

“दुसरी घे की एखादी,” म्हातारा पुढं म्हणाला. “हल्ली हलक्या मिळतात म्हणे.”

“दुसरी घेऊन कशाला जाऊ?”

“गवा मारायला.”

“गव्याचं काय घेऊन बसलात...” खंडेरावांनी रायफलीवर हात ठेवला. “गेल्या हिवाळ्यात निघालो होतो. वाघदऱ्याच्या चढावर अर्ध्या वाटेतच मांडी घालून बसलो. छातीचा भाता झाला होता. बरोबरची मंडळी म्हणाली, काका, तुम्ही थांबा सावलीला, आम्ही जाऊन येतो. काका! मला!”

उस्तादांनी मान खाली घातली. हसू लपवायला असेल, नाहीतर दुसरं काही.

“यंदा शेवटचं जायचं आहे,” खंडेराव म्हणाले. “या रायफलीनिशी वाघदऱ्याच्या माथ्यावर उभं राहायचं आहे, एकदाच. बार काढला नाही तरी चालेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला भिंतीवर टांगीन आणि पुन्हा डोंगराकडे बघणार नाही.”

उस्तादांनी घोंगडीवरची रायफल थोडी सरळ केली.

“तेव्हा जड लागली नाही हो ही! काय दिवस होते ते, उस्ताद. पहाटे निघायचं, कारवीतून जाताना कपडे दवानं चिंब व्हायचे, खालून जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांच्या आरोळ्या यायच्या... बाकीचे सरदार आपापल्या रायफली माणसांच्या खांद्यावर देऊन मोकळे चालायचे. मी दिली कधी? आठवतं ना तुम्हाला?”

“आठवतं.”

“पायथ्यापासून माथ्यापर्यंत माझ्या खांद्यावरून. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. आणि गंमत सांगू? सपाटीला जाणवायची. चढ लागला की उलट हलकी व्हायची. देवाशपथ!”

“चढाला हलकी?”

“रक्तच तसं होतं तेव्हा.”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

“चल. झऱ्यावर जाऊ.”

“पाणी मी आणतो, तुम्ही बसा.”

“रायफल घे खांद्यावर.”

“ती कशाला?”

“घे म्हटलं ना.”

उस्तादांनी असं म्हटलं की पुढं बोलायची सोय नसे. खंडेरावांनी पट्टा खांद्यात अडकवला. दर्ग्याच्या मागून पायवाट आधी थोडी सपाट जाई आणि मग एकदम उभी चढे. सपाटीवरच पट्टा खांद्यात रुतला. चढ सुरू झाला तशी त्यांना धाप लागली. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. म्हातारा मागून येतोय की नाही हे बघायचंही त्राण उरलं नाही.

आता बसावंच लागणार, असं वाटत होतं. तेवढ्यात पट्टा सैल पडला.

खंडेरावांनी खांदा हलवून पाहिला. खरंच की! ओझं उतरलं होतं. पाऊल आपोआप पुढं पडू लागलं. वाऱ्यावर कुठून तरी सुकल्या गवताचा वास आला आणि त्यांना एकाएकी भरून आलं. तोच चढ, तोच वास, खांद्यावर तीच रायफल, आणि घरी वाट बघणारी आई अजून आहे असं क्षणभर वाटून गेलं. इतकी वर्षं कुठं होतं हे सगळं?

“उस्ताद!” ते ओरडलेच. “झाली! हलकी झाली! सांगत नव्हतो मी? चढ लागला आणि बघा...”

मागून नुसता धापा टाकल्याचा आवाज आला.

खंडेराव वळले.

ऐंशीच्या घरातला तो म्हातारा वाकून उभा होता. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा रायफलीच्या दस्त्याखाली. मनगटाच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. डोक्याचा रुमाल सुटून गळ्यात आला होता.

“अहो, हे काय करताय! सोडा... सोडा आधी!”

त्यांनी घाईघाईनं रायफल खाली ठेवली, उस्तादांना धरून दगडावर बसवलं आणि स्वतः समोर मातीतच बसले. म्हाताऱ्याचा श्वास सावकाश ठिकाणावर आला.

“उस्ताद... तेव्हाही असंच?”

“असंच.”

“तुम्ही?”

“मी कुठला! मी तुझ्या पुढं असायचो, वाट काढत.”

“मग मागं...”

खंडेराव थांबले. मागं कोण असायचं? नाव ओठांवर येत होतं आणि येत नव्हतं. पाण्याची पिशवी घेऊन एक जण चालायचा. धनगराचा. अंगानं काटकुळा, बोलायचा कमी. माथ्यावर पोहोचलं की आधी पाणी पुढं करायचा आणि मग लांब जाऊन बसायचा.

“सिदू?”

उस्तादांनी मान हलवली.

“त्याच्या एका हातात काठी असायची. दुसरा हात कुठं असायचा ते तू कधी बघितलंस?”

“तुम्ही सांगितलं होतंत त्याला?”

“नाही रे. उलट मी एकदा हटकलं त्याला. म्हटलं, पोराची सवय बिघडवतोस. तर हात जोडून म्हणाला, धाकल्या धन्यास्नी हौस हाय, मिरवू द्या की!”

खंडेरावांनी तोंड फिरवलं. मग फिरवण्यात काही अर्थ नाही असं त्यांचं त्यांनाच वाटलं असावं. इनामदारांचा मुलगा उस्तादांसमोर धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत सरळ रडला. माथ्यावर उभं राहून आपण किती वेळा छाती फुगवली होती, किती बैठकांत ती गोष्ट रंगवून सांगितली होती! आणि त्या गोष्टीत सिदूचं नावसुद्धा कधी आलं नव्हतं.

“आहे का तो?” सोगा खाली सोडून त्यांनी विचारलं.

“आहे. पायथ्याच्या वस्तीत. कंबरेतून वाकलाय. आज येताना त्याच्या दारावरूनच आलास तू.”

“दारात कुणीतरी बसलं होतं खरं... रामराम घातला मला.”

“मग?”

“मी हात वर केला आणि पुढं आलो.”

झऱ्याचं पाणी जवळच कुठंतरी वाजत होतं. पण दोघांपैकी कुणी उठलं नाही. खंडेरावांनी रायफल उचलून मांडीवर घेतली. दस्त्याच्या खालच्या पट्टीवर अंगठा फिरवत ते बसले.

शेवटी त्यांनी मान वर केली. पन्नाशीचा माणूस, पण आवाज शिकायला आलेल्या पोराचा निघाला.

“उस्ताद, मग... कानस लावू की नको?”

“लाव की,” नूरखाँ म्हणाले. “पण तुझ्या अर्ध्या भागालाच लाव. उरलेली अर्धी सिदूची आहे.”