नव्या डिस्कची परीक्षा

एकदा एका वृद्ध संग्राहकाच्या घरी एक हार्ड डिस्क बंद पडली. डोंगरातल्या वनौषधी जाणणाऱ्या बेचाळीस आजीबाईंचे आवाज त्यांनी आयुष्यभर हिंडून ध्वनिमुद्रित केले होते. ते चार डिस्कच्या पेटीत असे विभागून ठेवले होते की, एक गेली तरी उरलेल्या तिघींतून सारे पुन्हा उभे करता यावे. दुसरी गेली, तर मात्र सगळेच संपले. वेगळी प्रत करायची राहून गेली होती; शहाण्यांचेही असे राहून जाते. त्या बेचाळिसांपैकी आता चौघीच हयात होत्या.

त्यांची शिष्या ऋजुता नवी डिस्क घेऊन आली. आपल्या रीतीप्रमाणे तिने डिस्कच्या खोक्याला कुंकू लावले, फूल वाहिले आणि पेटी उघडायला पेचकस उचलला. वृद्धांनी तिचा हात धरला.

"ही आधी दुसऱ्या संगणकाला जोड. काठोकाठ निरर्थक आकडे भर आणि सगळे परत वाचून ताडून पाहा. तोवर पेटीला हात लावायचा नाही."

"तात्या, यात दोन दिवस जातील. तेवढ्यात आणखी एक गेली तर?"

"जाईलही. तरी जोड."

म्हातारा हट्टाला पेटला आहे, असे तिला वाटले. मलाही तसेच वाटले असते.

दुसऱ्या दिवशी त्या नव्याकोऱ्या डिस्कने चुकीचे आकडे परत दिले. संध्याकाळी तर ती संगणकाला दिसेनाशीच झाली. ऋजुताने ती काढून परत खोक्यात ठेवली.

तात्या शांतपणे म्हणाले, "नव्याला आपण ओवाळतो आणि ते चांगलेच आहे असे धरून चालतो. पण नवी बसवली की या तीन थकलेल्या डिस्कना आपल्यातले सगळे अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवावे लागते. एवढे कष्ट त्यांच्याकडे एकदाच मागता येतात. घेणारीच मध्ये कोसळली, तर पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचे?"

बदलून आणलेली डिस्क परीक्षेत खरी उतरली. ती पेटीत बसली, आणि तिघी जुन्या दिवसभर घरघरत राहिल्या. ऋजुता समोरून हलली नाही. काम पूर्ण होताच तिने एक आवाज लावला. पंचवीस वर्षांपूर्वी वारलेली ठकूबाई तरुण तात्यांना दटावत होती, "नीट ध्यान दे रं बाबा. पुन्यांदा सांगाया मी काय येनार न्हाई."

ऋजुताचे हात आपोआप जोडले गेले. सांगणारा एकदाच सांगतो. तयारी घेणाऱ्याने करायची असते.