परसातली कासवी

आधी गप्प पडा बघू. दिगू, पाय पांघरुणात. कुमी, पाणी आत्ताच पिऊन घे, मध्ये उठायचं नाही. एकच गोष्ट सांगणार, मग मी जाणार.

एक होतं घर. आलेला पाहुणा लवकर सुटायचा नाही, असलं घर. नदीकाठी होतं, पुढे ओसरी, मागे परस. घरात माणसं तीनच. नारबा, त्याची बायको गिरजाबाई आणि त्यांची सून येसू. मुलगा लांबच्या गावी चाकरीला. माणसं चांगली होती, बरं का. नको तितकी चांगली. पाहुणा निघाला की गिरजाबाई म्हणायची, "आजचा दिवस राहा," आणि त्याच्या चपला लपवून ठेवायची. कुणाचं लग्न चुकायचं, कुणाची पेरणी राहायची. पण हिचा आग्रह काही संपायचा नाही.

येसूला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी जायचं. माहेर नदीपलीकडे. पाऊस लागला की नाव बंद, म्हणून तिला घाई. सासू म्हणायची, "जाशील गं, आधी पापड होऊ देत." पापड झाले. मग कुरडया. मग सांडगे. येसू रोज गाठोडं बांधायची आणि रोज सोडायची. वैतागली होती अगदी. पण बोलणार कसं?

मग काय झालं, एके सकाळी कुंपणाच्या फटीतून एक कासवी परसात आली. ओंजळीत मावेल एवढीशी. रानातल्या तळ्यातून निघालेली, नदीपलीकडच्या वाळूकडे चाललेली. पोटात अंडी होती तिच्या. ज्या वाळूत आपण जन्मलो तिथंच ती घालायची, ही त्यांची रीत. आणि पुराचं पाणी चढायच्या आत पोचायला हवं. नाहीतर अंडी गेलीच.

ती म्हणाली, "बाई, मला नदीकडची तेवढी वाट द्या."

कासवी बोलते का, विचारू नकोस दिगू. या गोष्टीतली बोलते.

मग गिरजाबाईनं वाट दिली का? नाव नको. म्हणाली, "इतक्या लांबून आलीस आणि तशीच जातेस? आजचा दिवस राहा." आणि पुढ्यात दूधभात ठेवला. आता कासवी दूधभात खाते होय? पण सांगायचं कुणाला. कासवी राहिली. आणि राहिली तशी वाढली. सकाळी बघतात तर परातीएवढी.

"बाई, आता तरी जाऊ द्या," ती म्हणाली.

नारबा म्हणाला, "आज शनिवार. शनिवारी कुणी निघतं का?" त्यानं काटे आणून कुंपणाची फट बुजवली. गिरजाबाईनं तिला तांब्याच्या घंगाळात बसवून न्हाऊ घातलं, पाठीवर हळदकुंकू लावलं. म्हणाली, "ही आता आपलीच. परसात पाळू. साळू म्हणू हिला." कासवी पुन्हा वाढली. इतकी की घंगाळ तिला घट्ट झालं आणि काठाशी फाटलं.

तिसऱ्या दिवशी अख्खं गाव साळूला बघायला आलं. गिरजाबाई खूश. प्रत्येकाला जेवूनच जा म्हणतेय. कासवी घंगाळातून उतरली, परसाच्या दारापर्यंत आली. तिथं गिरजाबाई लाडू घेऊन आडवी. "साळू, एक दिवस गं, माझ्यासाठी."

कासवीनं मान आत ओढली आणि तिथंच वाढत वाढत दार भरून बसली. दारभर म्हणजे दारभर. गाय बाहेर येईना, विहिरीवर कुणाला जाता येईना. नारबानं पहार लावली. चार गडी रेटून दमले. हलेल तर शपथ. आणि वर आभाळ भरून आलेलं.

मग येसू आली. काखेत गाठोडं. कासवीच्या पाठीवर तिनं हात ठेवला आणि म्हणाली, "सासूबाई, ही रुसली नाही. हिला माहेरी जायचंय. दिवस भरत आलेत हिचे. आणि माझेही."

गिरजाबाई म्हणाली, "मी का छळ करते? मायेनंच ठेवून घेते ना?"

"मायेनंच. पण हिची पोरं वाळूत जन्मायची, ती या उंबऱ्यावर मरतील. उरलेले सांडगे मी आल्यावर घालीन हो. आता वाट सोडा."

गिरजाबाई मटकन खाली बसली.  तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मग उठली, स्वतःच्या हातानं कुंपणाचे काटे उपसले. हाताला ओरखडे आले तरी थांबली नाही. मग येसूची ओटी भरली. त्यातलेच चार तांदूळ कासवीच्या पाठीवर ठेवले. आणि म्हणाली, "या जाऊन."

बस, एवढंच हवं होतं. कासवी घंगाळाएवढी झाली, मग परातीएवढी, मग ओंजळीएवढी. येसूनं तिला पदरात घेतलं. नारबा गाठोडं घेऊन पुढे, येसू मागे. नावेतून उतरल्यावर तिनं कासवीला वाळूवर सोडलं. दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला आणि नाव बंद झाली. पण त्याआधी कासवीनं उंच जागा बघून अंडी वाळूत पुरली होती. येसूला मुलगी झाली. वाळूतून बोटाच्या पेराएवढी पिल्लं निघाली, तुरुतुरु पाण्यात गेली.

त्यानंतर दर वर्षी कासवी परसातून जायची. गिरजाबाई पायरीवर बसलेली असायची. तोंडाशी यायचं, आजचा दिवस राहा. पण ती गिळून टाकायची आणि फट मोकळी आहे ना, तेवढं बघायची. सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. नाही, दुसरी नाही. कुमी, पदर सोड. बघ, तूही तेच करतेस. कासवी निदान वाढत तरी होती, माझे नुसते गुडघे दुखतात.

आता दोघंही म्हणा, "ये जाऊन, आजी."

हां. अस्सं. येते हं. झोपा.