हाक पोहोचते तिथवर

त्या राज्यात ज्याला राजाची हाक ऐकू येई, त्यालाच दाणा मिळे. राज्य म्हणजे एकच अवाढव्य बीळ. वरच्या दालनातून घूसराजा रोज सकाळी हाक मारी. जो ‘ओ’ देत वर येईल तो जेवला, बाकीचे गैरहजर. राजाची हाक ती, तिला अडवायची कुणाची टाप? पण भिंतींना कुठली आलीय अक्कल! त्या अडवायच्या. तळाच्या खोल्यांतली पोरं उपाशी झोपायची आणि वर आळशी म्हणून शिव्या खायची.

शेवटी राजाने चिचुंद्रीला कामाला लावलं. ती डोळ्यांनी अधू, पण कानांची तिखट. प्रत्येक खोलीत श्वास रोखून उभं राहायचं. हाक आली तर दाराला हिरवं पान खोचायचं, नाही आली तर गेरूचा पट्टा ओढायचा. गेरूच्या खोल्यांची दुरुस्ती होईल, असा हुकूम निघाला.

चिचुंद्रीची थोरली बहीण पिलांना घेऊन अगदी तळाला राहायची. तिच्या दारावर पट्टा ओढताना चिचुंद्रीला हसू आवरेना. “ताई, गेरू बघून तोंड वाकडं करू नकोस. भिंत फोडून इथवर वाट काढतील. पोरं पोटभर जेवतील गं!”

“तुझ्या तोंडात साखर पडो,” बहीण म्हणाली.

कारभारी उंदराने ते पट्टे पाहिले आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. “एवढं लाल? महाराजांची हाक तोकडी पडते म्हणतेस?” त्याने गवंडी पाठवले. त्या राज्यात दुरुस्ती म्हणजे लिंपण. दुसरी रीत कुणाला ठाऊकच नव्हती. छत गळलं, लिंपा. जमीन भेगाळली, लिंपा. मेल्यांनी लाल दारंही लिंपून टाकली, आत पिलं झोपलेली असतानाच. चिचुंद्री रडली, पाया पडली, गाऱ्यात नखं रोवून बसली. तिला शेपटीला धरून बाजूला काढलं.

दुसऱ्या सकाळी फेरतपासणी झाली. पान घेऊन कारभारी स्वतः तळाच्या बोळात, बहिणीच्या लिंपलेल्या दाराबाहेर, तिच्याशेजारी उभा राहिला. राजाने हाक मारली. नव्या गुळगुळीत भिंतीवर आपटून ती मागे फिरली आणि सारा बोळ दणाणला. इतकी खणखणीत हाक तिथे कधीच आली नव्हती.

“आली ना ऐकू?” कारभाऱ्याने विचारलं.

आली होती. भिंतीपलीकडून नखांची खरखरही येत होती, पण तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

चिचुंद्रीने पान घेतलं, ओल्या गाऱ्यात खोचलं आणि ‘ओ’ देत वर निघाली.