गोल गोटे

“आणि गोल गोटे कुठे आहेत?” येळ्ळूरकर सरांनी विचारलं.

“ते सोडून दिले, सर,” निरंजन म्हणाला.

मी समोरच बसलो होतो. माझा बेळगावात फरशीचा धंदा. दगड मीही ओळखतो, पण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यापुरता. सरांनी जन्मभर दगड शिकवला. निवृत्त झाले तरी मुलं प्रबंध घेऊन त्यांच्याच अंगणात येत.

निरंजनचा खडक म्हणजे जुन्या नदीतले गोटे वाळूत रुतून झालेला दगड. पुढे कधीतरी जमिनीने तो आवळला. किती आवळला, हे त्याने गोट्यांच्या लांबी-रुंदीवरून काढलं होतं. उद्या प्रबंध द्यायचा, नोकरी त्यावर अडलेली. सरांनी ‘दे’ म्हटल्याशिवाय देणार नाही, असं घरी सांगून आलेला. म्हणजे ते म्हणतीलच, ही खात्री.

सर बेंदराच्या सणासाठी मातीचे बैल वळत होते. हात थांबला नाही.

“का सोडलेस?”

“लांबट झाले ते दबलेले. गोल आहेत त्यांना काही झालंच नाही. उगाच हिशेब बिघडवतात.”

मला पटलं. वेगळा दिसणारा नग मीही बाजूला काढतो, तसं बोललोही. सर नुसते हसले.

“नदीत होते तेव्हा कसे होते रे हे गोटे?”

“गोल.”

“सगळे?”

निरंजनने प्रबंधाची दोन पानं उलटली आणि तो चिडला. तुम्ही इथे निवांत बैल करत बसता, म्हणाला, तुमच्यावर कधी काही बेतलंच नाही, तुम्हाला माझं उद्याचं काय कळणार.

मी खाली बघितलं. सरांचा एकुलता एक मुलगा मलप्रभेत बुडाला, तेव्हा खांदा द्यायला मी होतो. निरंजनला हे ठाऊक नव्हतं. सरांनी सांगितलंही नाही.

त्यांनी मातीचा गोळा घेतला. अंड्यासारखा लांबट केला. पाटावर उभा धरला, वर तळहात ठेवला आणि हळूहळू दाबत गेले...

हात उचलला. पाटावर लाडवासारखा गोल गोळा.

निरंजनने वाकून तो गोळा नीट पाहिला.

“म्हणजे सर... सोडलेले सगळे पुन्हा मोजायचे? आणि उद्याचं?”

सरांनी तो गोळा उचलून त्याच्या हातावर ठेवला.

“हं. आता याला सांग, तुला काही झालंच नाही म्हणून.”